मामांची फेरसुनावणी

आमचे मामा तोफखान्यात होते. तिथून ते घरी आले ते दोन गोष्टी घेऊन: एक पत्र्याची ट्रंक आणि एक ठार बहिरेपणा. ट्रंक त्यांनी सगळ्यांना दाखवली. बहिरेपणा मात्र लपवला.

तो लपवायला कारण होतं. मामी. म्हणजे तेव्हा ती मामी नव्हती, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका तिरसट माणसाची मुलगी होती, आणि त्या माणसाने निरोप धाडला होता की मुलगा धडधाकट असल्याचं लष्कराचं प्रमाणपत्र आणा, मग बोलू. मामांच्या कानांत तेव्हा सदानकदा मधमाश्यांचं पोळं घोंघावत असायचं. पण प्रेमात पडलेल्या माणसाला बाकी काही नसलं तरी डोकं चालवायला वेळ असतो.

सैन्यातून सुटण्याआधी वैद्यकीय तपासणी होती. पाठीमागे उभा राहून तपासनीस हळू आवाजात शब्द बोलणार आणि यांनी ते परत म्हणायचे. समोर दाराशी, आपली पाळी येण्याची वाट बघत, पलटणीचा केस कापणारा उभा होता. त्याला सगळे वस्तरा म्हणत. त्याचे कान शाबूत, कारण त्याने आयुष्यात तोफेच्या जवळ जायचं काम केलं नव्हतं. तपासनीस मागून कुजबुजला की वस्तरा समोरून तोच शब्द ओठांनी म्हणायचा, आणि मामा खणखणीत आवाजात उत्तर द्यायचे. तोफेपाशी कुणालाच काही ऐकू येत नसल्याने ओठ वाचण्यात मामा पटाईत. तपासनीस खूश झाला. ‘श्रवणशक्ती उत्कृष्ट’ असा शेरा मारला. लग्न झालं.

पुढे मामांनी कुलपं दुरुस्त करायचं आणि किल्ल्या बनवायचं दुकान टाकलं. त्या धंद्यात कानांपेक्षा बोटं महत्त्वाची. मान खाली घालून काम चालू असताना गिऱ्हाईक म्हणायचं, “दार उघडत नाही,” मामा म्हणायचे, “चहा नको, आत्ताच झाला.” लोकांना वाटायचं, माणूस विनोदी आहे. जे कळायचं नाही त्याला मामा मान डोलावून होकार द्यायचे. या होकारांपायी घरात एक शिलाईयंत्र आलं, भिंती एकदा गुलाबी झाल्या, आणि मामीचा भाऊ चार दिवसांसाठी म्हणून येऊन वर्षभर राहिला.

वय झालं तसं चक्कर यायला लागली. कानांचीच ती तक्रार, असं डॉक्टर म्हणाले. दुकानाच्या पायरीवरून मामा दोनदा पडले, तेव्हा मीच त्यांना म्हटलं की अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज करा. केला. फेटाळला गेला. कारण उघड होतं: सुटताना कान उत्कृष्ट होते, सबब बहिरेपणाचा सेवेशी संबंध नाही. नवा पुरावा असल्याशिवाय प्रकरण पुन्हा उघडता येणार नाही.

“नवा पुरावा म्हणजे काय?” मामा कचेरीच्या खिडकीपाशी गरजले. “कान नवे आणू?”

खिडकीची काच चकचकीत होती. आतल्या कारकुनाच्या ओठांऐवजी मामांना त्यात स्वतःचंच तोंड दिसत होतं, त्यामुळे ते बराच वेळ स्वतःशीच भांडले. शेवटी मी त्यांना ओढून बाहेर आणलं.

तपासणीची खरी हकिकत त्यांनी मला त्या दिवशी घरी सांगितली. मी लगेच म्हटलं, “मग वस्तराकाकांना साक्षीला बोलवू या. त्यांचं सलून तर इथंच आहे.”

मामांचा चेहरा पडला. त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानात कुजबुजले, “तुझ्या मामीला कळलं तर? तिला वाटतं, हे अलीकडचं आहे. लग्नात फसवली म्हणेल!”

आता बहिऱ्या माणसाची कुजबुज काय असते ते सांगायला नको. समोरच्या इमारतीतल्या बाईने खिडकी उघडून बघितलं. आत मामी भांडी घासत होती. तो आवाज एकदम थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जास्तच जोरात.

शेवटी चक्कर जिंकली. तिसऱ्यांदा पडल्यावर मामा कबूल झाले, वस्तराकाकांचं प्रतिज्ञापत्र जोडलं आणि बऱ्याच खेपांनंतर आम्हाला फेरसुनावणीला बोलावणं आलं. निघताना बघतो तर मामी चपला घालून दारात उभी.

“तू कशाला?” मामांनी विचारलं.

“घरी बसून काय करू?” ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

खोलीत लांब टेबल, कुरकुरणारा पंखा आणि टेबलापलीकडे दोघं. एक अध्यक्ष मॅडम आणि एक डॉक्टर. डॉक्टरांना झुपकेदार मिशा होत्या. वरचा ओठ तर नव्हताच, खालचाही अधूनमधूनच दिसत होता. डॉक्टर काहीतरी म्हणाले. मामांनी जन्मभराच्या सवयीने मान डोलावली.

“तुम्ही होय म्हणालात,” मॅडम म्हणाल्या. “डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला नीट ऐकू येतं का.”

मी घाईघाईने समोर जाऊन प्रश्न ओठांनी सांगितला. मॅडमनी मलाच दटावलं, “तुम्ही मध्ये पडू नका. उत्तरं सुचवण्याचाच तर हा खटला आहे.”

मग वस्तराकाका उभे राहिले. साक्षीसाठी त्यांनी स्वतःचे केस स्वतःच कापले होते आणि ते तसे दिसतही होते. त्यांनी सगळं सांगितलं, ओठ कसे हलवले त्याचं प्रात्यक्षिकही दिलं.

“म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून लष्कराला फसवलंत?” मॅडम.

“फसवलं कसलं, मॅडम? लग्न जमवलं.”

डॉक्टरांच्या मिशा हलल्या, पण मॅडम हसल्या नाहीत. “तेव्हा मित्रासाठी खोटं बोललात, मग आत्ताही मित्रासाठीच बोलत नसाल कशावरून? लग्नानंतर हा माणूस दुकान चालवतो, संसार करतो, आणि कुणाच्या लक्षात येत नाही?”

काका खाली बसले.

“माझ्या आलं होतं,” मागून मामी म्हणाली.

मॅडमनी वर पाहिलं. मामा अर्थातच पुढेच बघत होते.

“लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात,” मामी उठून टेबलापाशी आली. “यांच्या मागे माझ्या हातून पातेलं पडलं. गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं, शेजारीण धावत आली. हे तसेच वर्तमानपत्र वाचत बसलेले. मी मागून हाका मारून बघितल्या. मग घाणेरड्या शिव्या देऊन बघितल्या. काही नाही. तेव्हा कळलं.”

“मग कुणाला बोलला का नाहीत?”

“कुणाला बोलू? वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी मला हाताला धरून परत नेलं असतं. आणि मला काही जायचं नव्हतं. मी शेगडीच्या वर भिंतीला आरसा लावून घेतला. माझी पाठ असली तरी यांना माझं तोंड दिसावं म्हणून. माझी शेजारीण अजून आहे, विचारा तिला. ती सगळ्या गल्लीला सांगत फिरायची की नवी सून स्वयंपाक करतानासुद्धा नटते.”

हे सगळं बोलताना ती हळूहळू वळत गेली होती, आणि शेवटी शेवटी मामांना तिचे ओठ दिसायला लागले होते. मामा उठून उभे राहिले. तोफेच्या आवाजात म्हणाले, “तो आरसा माझ्यासाठी होता?”

“मग काय वेणी घालायला?”

मामा खाली बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मग उगाचच पुन्हा काढला. मॅडमनी टेबलावरचे कागद सारखे केले. डॉक्टरांनी पुढचं काही विचारायच्या ऐवजी नव्याने तपासणी करायचा हुकूम लिहून दिला.

बाहेर पायऱ्यांवर मात्र युद्ध पेटलं.

“तुला सगळं माहीत होतं, तर बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतक्या मेहनतीने लपवत होतात. म्हटलं, राहू दे, तेवढीच करमणूक.”

“आणि तुझ्या भावाच्या वेळी? मला ऐकू आलं नव्हतं हे तुला ठाऊक होतं ना?”

मामी पदर सारखा करत म्हणाली, “ते शिलाईयंत्रसुद्धा.”

“आणि भिंती?”

“भिंतीसुद्धा.”

वस्तराकाका हसता हसता कठड्याला धरून खाली बसले. मामांनी आधी त्यांच्याकडे रागाने पाहिलं आणि मग तेही हसायला लागले, इतक्या मोठ्याने की दरवान बाहेर आला.

नवी तपासणी यंत्रावर झाली, तिथे ओठांचा काही उपयोग नव्हता. यथावकाश निकाल लागला: डावा कान तोफेमुळे गेला हे मान्य, पेन्शन मंजूर; उजवा कान मात्र वयोमानानुसार.

“तोफ काय एकाच कानात बोलायची?” मामा ओरडले. “की उजवा कान माझ्याहून मोठा आहे वयाने?”

मंजूर झालेल्या कानाला सरकारने एक यंत्र दिलं. मामांनी ते लावलं आणि दिवसभर घरात संशयाने फिरत राहिले. पाण्याचा नळ एवढा गोंगाट करतो हे त्यांना माहीत नव्हतं. आपल्या खुर्चीच्या करकरीवर तर ते फारच चिडले. मग मामीने स्वयंपाकघरातून हाक मारली, जेवायला चला म्हणून. मामा दारात येऊन उभे राहिले.

“परत बोल.”

“जेवायला चला.”

मामांनी मान तिरकी करून ऐकलं. “असा आहे होय तुझा आवाज? मला वाटलं होतं, जरा गोड असेल.”

मामीने पळी खाली ठेवली आणि त्या दिवशी त्यांना स्वतःच्या हाताने वाढून घ्यावं लागलं. ती त्यांच्याशी बोलत नव्हती, पण माझ्याशी बोलत होती, आणि मुद्दाम मोठ्याने.

“उजव्या कानाचा अर्ज कधी करायचाय?” तिने मला विचारलं. “यावेळी मला पहिली बोलवायला सांग. मला बरंच सांगायचंय.”