आत्याच्या शिरेचा काप

सांगलीच्या एका प्रयोगशाळेत माझं निम्मं आयुष्य सूक्ष्मदर्शकाखालच्या निळाईत गेलं. रुग्णाच्या शरीरातला कागदाहून पातळ काप काचेवर घ्यायचा, साध्या स्वयंपाकाच्या कुकरमध्ये पुरता उकळायचा, नाहीतर रंग धरत नाही, आणि मग असा रंग सोडायचा, की शरीराच्या लढाऊ पेशी तेवढ्या तपकिरी दिसाव्यात. बाकी सगळं निळं. त्या निळाईत मी कुठल्या कुठे वाहत जायचे. घरचे म्हणायचे, हिला भाताच्या शिट्ट्या कळत नाहीत आणि हिच्या हाती लोकांचे काप!

त्या आठवड्यात आलेला काप माझ्या तासगावच्या आत्याच्या कानशिलाजवळच्या शिरेचा होता. बेदाणे निवडता निवडता तिचा एक डोळा अचानक गेला होता. शिरेच्या सुजेचा रोग असावा म्हणून सुरू केलेल्या औषधानं तिची साखर भडकलेली. शिरेच्या भिंतीत त्या पेशी सापडल्या तरच डॉक्टर औषध चालू ठेवणार होते. रोग असून औषध थांबलं, तर दुसरा डोळाही जाणार होता.

कुकर गॅसवर असताना आत्याचाच फोन आला.

"कवा कळंल गं? मला आपली बेदाण्याची काडी दिसली तरी बास हाय."

ती बोलत राहिली आणि मी मनानं तिच्या बेदाण्याच्या शेडमध्ये जाऊन पोहोचले. जाळीवर पसरलेली हिरवी द्राक्षं, तो गोड उग्र वास. घड्याळ लावायचा नियम होता, पण मी शिट्ट्याच मोजायचे. तीनऐवजी एकीलाच गॅस बंद केला.

काच निळीच्या निळी निघाली. आत्याला रोग नाही! आनंदाच्या भरात मी वहीत 'पेशी नाहीत' असं लिहूनही टाकलं. आमच्याकडे प्रत्येक काचेच्या कडेला टॉन्सिलचा एक तुकडा लावतात. त्यात या पेशी असतातच, म्हणून तो तपकिरी व्हायलाच हवा. काच तपासून निदान करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे ती नेता नेता सवयीनं तिकडे पाहिलं. तोही निळा. म्हणजे काचेवर रंगच चढला नव्हता. मी वहीतली ओळ खोडली.

दुसरी काच लावली तेव्हा फोन बंद करून, घड्याळ लावून कुकरपाशी उभी राहिले. या खेपेला टॉन्सिल तपकिरी झाला आणि शिरेच्या भिंतीतही तपकिरी पेशींची दाटी उमटली. बाईंनी पाहिलं आणि मान डोलावली.

संध्याकाळी आत्याला कळवलं, "रोग सापडला. औषध चालू राहणार."

"लय बेस झालं बग. तुज्या नजरंवर माजा भरवसा हाय."

मला रडू फुटलं. तिला बरी ठरवायच्या घाईत मी तिचा उरलेला डोळा घालवणार होते, हे काही मला तिला सांगता आलं नाही.