मागून येणारा आवाज

गॅरेज मास्तरांचं होतं, पण त्यातल्या खिडकीजवळच्या कोपऱ्यावर राज्य मास्तरीणबाईंचं. राज्य म्हणजे काय, तर पायाने चालवायचं एक दणकट शिलाई मशीन, ताडपत्र्यांच्या घड्या आणि उसवलेल्या सीटांचा ढीग. मास्तर ट्रक दुरुस्त करायचे, मास्तरीणबाई ट्रकची अंगडी-टोपडी शिवायच्या. दोघांनीही उभ्या जन्मात कुणाला बाराखडी शिकवली नव्हती. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणायचे, म्हणून बायको आपोआप मास्तरीण झाली, एवढंच.

मास्तरांचं नाव झालं ते हातामुळे नाही, कानामुळे. गाडी फाटकातून आत वळेपर्यंत त्यांचं निदान तयार असायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर धरायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. गिऱ्हाइकाला ते आधी तोंडाने आवाज काढून दाखवायला लावत. भल्याभल्या मिशांची माणसं गॅरेजच्या मधोमध उभी राहून ‘कुर्रर्र, खट्, कुर्रर्र’ करायची आणि मास्तर गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, “शेवटचा खट् परत काढा बघू.” मास्तरीणबाई शिवणात मान घालून हसू दाबायच्या. त्या हसण्यात अभिमान किती आणि चेष्टा किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तो कान हळूहळू गेला.

पहिल्यांदा कळलं ते मास्तरीणबाईंना. ओट्यापाशी उभं राहून त्या काही विचारायच्या आणि मागे बसलेले मास्तर भिंतीकडे बघत राहायचे. आधी वाटलं, रुसले आहेत. बरं, रुसायला काही कारणही नव्हतं. मग एकदा कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि मास्तर त्याच्याच शेजारी उभे राहून शांतपणे चाळणी शोधत होते, तेव्हा बाईंना खरं कारण कळलं.

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. कानाने पोट भरणाऱ्या माणसाचा कान गेला ही बातमी बाहेर पडली, तर उद्या गॅरेजात चिटपाखरू फिरकणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी मशीन फिरवून मास्तरांच्या तोंडासमोर येईल असं लावलं आणि सांगितलं, “इथे उजेड चांगला पडतो.” गिऱ्हाईक काही बोललं की त्या मशीनवरूनच मोठ्या आवाजात विचारायच्या, “काय म्हणता, चढावर आवाज येतो? आणि उतारावर?” मास्तर त्यांच्या ओठांकडे बघायचे आणि मग मान डोलवायचे. लोक म्हणायचे, मास्तरीणबाई भारीच चौकस. बाईंनी तोही आरोप मुकाट्याने झेलला.

मास्तरांना वाटायचं, आपण हिच्यापासून लपवलंय. हिला वाटायचं, आपण जगापासून लपवलंय. एका घरात दोन माणसं एकच गोष्ट दोन बाजूंनी झाकत होती. दिवा मालवल्यावर ओठ दिसत नाहीत, म्हणून अंथरुणावरच्या गप्पा बंद झाल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर बाईंना बाकी कशाहीपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

अशात एका दुपारी धाकटा आला. धाकटा म्हणजे मास्तरीणबाईंचा भाऊ. डोकं पांढरं झालं, सुना आल्या, तरी धाकटाच. त्याचा ट्रक त्याच्याइतकाच कुरकुरणारा. दाराला आतून चक्क कडी, आरसा दोरीने बांधलेला. फरशीचे दगड वाहायचं काम त्याचं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी भरून डोंगरापलीकडे उतरायचं होतं.

भाऊ दिसताच ताई उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तिथेच चुकलं.

“दाजी, मागून ठोकल्यासारखा आवाज येतोय,” धाकटा म्हणाला. “थांबलेली गाडी उचलताना एकदा धप्प होतं.” मग तो मागच्या चाकांकडे वळला आणि पाठ करून बोटाने दाखवत म्हणाला, “आणि ब्रेक मारला की तर नक्कीच.”

मास्तरांच्या डोळ्यांना पहिली दोन वाक्यं मिळाली. तिसऱ्या वाक्याला नुसती पाठ दिसली. परत विचारायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं, कारण परत विचारणं म्हणजे कबुली देणं. गाडी उचलताना आवाज येतो म्हटल्यावर त्यांनी इंजिनाकडून मागे जाणारा लांब दांडा हाताने हलवून पाहिला. त्याच्या सांध्यात, ज्याला गॅरेजात क्रॉस म्हणतात त्यात, थोडा ढिलेपणा होताच. चोर सापडल्यासारखे मास्तर खूश झाले. बाई चहा घेऊन बाहेर येईपर्यंत जुना क्रॉस निघून जमिनीवर पडला होता.

नवा क्रॉस बसवून मास्तरांनी स्वतः ट्रक हाकला. शेजारी धाकटा. एक फेरी मारून ट्रक फाटकातून आत आला आणि मास्तरांनी ब्रेक दाबला.

धप्प.

मास्तरीणबाईंच्या हातातली कात्री थांबली. मास्तर हात पुसत खाली उतरले. बऱ्याच दिवसांत त्यांचा चेहरा इतका हलका दिसला नव्हता.

“गेला आवाज,” ते म्हणाले.

धाकट्याने दाजींकडे पाहिलं, मग ट्रककडे पाहिलं. क्षणभर त्याचं तोंड उघडलं, आणि मिटलं. “दाजी म्हणतात गेला, म्हणजे गेला,” असं म्हणून तो ट्रक घेऊन निघाला. वळणावर ट्रक पुन्हा धप्प करून गेला. मास्तर त्याला हात हलवत उभे होते.

बाई मशीनवर बसल्या, पण टाका काही सरळ पडेना. मास्तरच लोकांना सांगायचे, रिकाम्या गाडीतला आवाज तक्रार असते, भरल्या गाडीतला आवाज धमकी. ब्रेकवर मागून धप्प म्हणजे चाकांचा एक्सलच जागेवर राहत नसेल तर? आणि पाठीवर दगड घेऊन हा उतारावर?

त्यांनी फोन उचलला. एक सोपी वाट होती. धाकट्याला हळूच सांगायचं, दुसऱ्या गॅरेजात दाखव, दाजींना कळू देऊ नकोस. भाऊ वाचला, मूठही झाकलेली राहिली. बाईंनी नंबर लावलासुद्धा. पण घंटी वाजता वाजता त्यांच्या मनात आलं, परवा जो ट्रक येईल त्यातला माणूसही कुणाचा तरी भाऊच असणार. त्याला कोण फोन करील? तिकडून धाकटा “हॅलो, ताई” म्हणाला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “उद्या माल भरायच्या आधी इकडे ये. रिकामा ये. माझं काम आहे.”

सकाळी ट्रक येऊन उभा राहिला. मास्तरीणबाईंनी चाकावर पाय दिला आणि त्या मागच्या मोकळ्या हौद्यात चढल्या. त्या वयात ते दृश्य फारसं डौलदार नव्हतं. वरून त्यांनी नवऱ्याला हात दिला. “चला, वर या.”

“अगं, काय चाललंय तुझं? ताडपत्रीचं माप घ्यायचंय का?”

“या तर खरं.”

मास्तर चढले. बाईंनी त्यांना बरोबर मागच्या चाकांच्या वर खाली बसवलं, त्यांचा पंजा धरला आणि लोखंडी तळावर सपाट टेकवला. त्यावर आपला पंजा ठेवला. मग ओरडल्या, “धाकट्या, जरा पुढे घे आणि ब्रेक मार!”

ट्रक हलला, थांबला. खालून हिसका आला. मास्तरांच्या हातावरचे केस उभे राहिलेले बाईंना दिसले.

“परत मार!”

परत हिसका. मास्तर आता तळाकडे बघत नव्हते, बायकोकडे बघत होते.

“हा आवाज आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“कालही होता?”

“कालही होता.”

 मास्तरांनी हात काढून घेतला नाही. “तुला ठाऊक होतं. माझं.”

“तुम्हाला कळलं त्याच्या आधीपासून.”

“मग बोलली का नाहीस?” मास्तरांचा आवाज चढला. रागाने, की लाजेने, की दोन्हींनी.

“तुम्ही तरी कुठे बोललात?” बाई म्हणाल्या, आणि इतके दिवस आवरलेलं रडू शेवटी आलंच. त्यांनी ते पुसलंही नाही. “माझ्याशीही नाही बोललात हो. मी काय गिऱ्हाईक आहे?”

मास्तरांना त्यातला शब्द न् शब्द समजला. त्यांनी खिशातला तेलकट फडका काढला, तो पुढे करावा की नाही असा विचार केला, आणि मग आपल्या बाहीनेच बायकोचे गाल टिपले. एक काळा डाग तिच्या हनुवटीवर उमटला. तसाच राहिला.

मग ते उतरून ट्रकखाली शिरले. या वेळी त्यांनी कानाची वाट पाहिली नाही. एक्सल आणि गाडीचं वजन झेलणाऱ्या कमानीचे पाटे जिथे एकत्र आवळलेले असतात तिथे त्यांनी बोटं फिरवली. उजवीकडे सगळं गंजकं आणि मातकट. डावीकडे मात्र एक पट्टी घासून लख्ख झालेली. आवळून धरणाऱ्या बोल्टांच्या चाक्या, म्हणजे नट, हातानेच फिरल्या. सगळं उकललं तेव्हा पाट्यांना एक्सलवर जागच्या जागी धरणारा मधला बोल्ट दोन तुकड्यांत बाहेर आला.

मास्तर ते तुकडे घेऊन बाहेर आले आणि मेहुण्यासमोर उभे राहिले.

“एक्सल सरकत होता. भरलेली गाडी उतारावर असती तर…” त्यांनी ते वाक्य तिथेच टाकून दिलं. “मला ऐकू येत नाही, धाकट्या. काल मी तुला फसवलं नाही. मला खरंच काही ऐकू आलं नाही, म्हणून वाटलं, गेला.”

धाकटा तुकड्यांकडे बघत होता. मग दाजींना ओठ दिसतील असं तोंड वर करून तो म्हणाला, “मला ऐकू येत होता, दाजी. सबंध रस्ताभर येत होता. पण तुम्ही गेला म्हणालात. मला वाटलं, मलाच काहीतरी भास होतोय.”

मास्तर बाजूला पडलेल्या एका टायरवर बसले. लोक आपल्यावर विश्वास ठेवतात हे त्यांना माहीत होतं. तो किती जड असतो, हे त्यांना आज कळलं. बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. 

नवा बोल्ट बसला. चाक्या आवळताना मास्तरांनी धाकट्यालाही पान्यावर जोर लावायला लावला. मग ट्रक सुरू झाला, फाटकाशी थांबला, निघाला, वळणावर पुन्हा थांबला आणि दिसेनासा झाला. मास्तरीणबाई रस्त्यापर्यंत जाऊन मान किंचित कलती करून उभ्या होत्या. ट्रक दिसेनासा झाल्यावरही त्या ऐकत राहिल्या.

मास्तर रस्त्याकडे पाठ करून उभे होते. ट्रककडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते.

“आता?” त्यांनी विचारलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “आता काही नाही.”

तेवढ्यात एक टेम्पो कर्रकर्र करत फाटकात वळला आणि चालक उडी मारून उतरला. “मास्तर, पुढून कसलातरी आवाज येतोय, ऐका जरा.”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मग सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “मला ऐकू येत नाही. हिला ऐकवा.”