सगळ्यांची करवली

कॉलेजच्या तीन वर्षांत तिच्या हातावरची मेंदी पूर्ण उतरलेली मी कधी पाहिली नाही. एक फिकी पडायला लागली की दुसरी चढायची. वांगणीजवळच्या तिच्या गावात भावकी मोठी, भाऊ उदंड, आणि लग्न न झालेली बहीण मात्र ही एकटीच. त्यामुळे कुणाही भावाचं लग्न निघालं की नवऱ्यामागे हातात कऱ्हा घेऊन उभी राहायला हीच. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात तिचं खरं नाव हजेरी घेणाऱ्या सरांनाच काय ते माहीत होतं. आम्ही तिला करवलीच म्हणायचो.

लग्नसराई आणि परीक्षा यांचं काय गूळपीठ आहे देव जाणे, दोन्ही नेमक्या एकदमच येतात. एप्रिल लागला की आम्ही वाचनालयात जागा धरून बसायचो आणि ही पान उलटता उलटता घड्याळ बघायची. "आज मांडव आहे. मी नसले तर काकू सगळ्यांचं डोकं खाईल," म्हणत अर्ध्या धड्यावरून उठायची. मी कॉमर्सची, ती केमिस्ट्रीची. पण तिच्या जाण्यायेण्याने अभ्यास माझा बुडायचा. "एका जागी बस ना बाई," मी वैतागून म्हणायचे. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "बसलं की टेन्शन येतं गं. हाताला काम असलं की सगळं आठवतं." आणि ते खरंही होतं. मांडवात लसूण सोलताना ती अभिक्रिया पुटपुटायची. तिच्या गावातल्या बायकांना बेन्झीन हा शब्द नक्की तिच्यामुळेच माहीत झाला असणार.

पाचव्या सेमिस्टरच्या एका पेपरला तर मेंदीने तिला गोत्यातच आणलं होतं. सुपरवायझर मॅडमनी तिचा तळवा उलटा करून बघितला. त्यावर षटकोनांची जाळी, अगदी पुस्तकातल्यासारखी. "ये क्या है? फॉर्म्युला लिखके लाई है?" मॅडम कडाडल्या. ही शांतपणे म्हणाली, "मॅडम, डिझाइन है. कल भाई की शादी थी." मॅडमनी प्रश्नपत्रिका आणि तळवा आळीपाळीने तपासले, काहीच जुळेना, तेव्हा हात सोडला. पेपर संपल्यावर मात्र हळूच विचारलं, "किसने लगाई? अच्छी है."

"कशाला मरतेस प्रत्येक लग्नात?" असं मी एकदा तिला विचारलं होतं. "आपण कुणाच्या मांडवात गेलो नाही तर आपल्या मांडवात कोण येईल?" ती म्हणाली. पण यातली गोम तिलाही ठाऊक होती. करवली सगळ्यांना दिसते. प्रत्येक लग्नानंतर तिच्या वडिलांकडे एखादं स्थळ येऊन बसायचंच. वडील तसे समजूतदार. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, यंदा एका दमात पास झालीस तर नोकरी कर. एखादा विषय जरी राहिला तरी मार्गशीर्षात बार उडवून देऊ.

आणि शेवटचा पेपर नेमका पुढे ढकलला गेला. नवी तारीख पडली ती सख्ख्या काकांच्या मुलाच्या, तिच्या लाडक्या दादाच्या लग्नाची. मुहूर्त दुपारचा वांगणीला, पेपर सकाळी उल्हासनगरला. माझी परीक्षा संपली होती, म्हणून मी हळदीलाच तिच्याकडे मुक्कामाला गेले होते. दोघी नारळ सोलत बसलो होतो, तेव्हा वडील जवळ येऊन म्हणाले, "पेपर परत देता येतो गो पोरी. लगीन परत लागत नाय."

"पेपर परत दिला तर माझं लागेल, बाबा," ती म्हणाली. वडील आमच्याजवळ बसून नारळ सोलू लागले.

सकाळी तिने साडी घडी करून माझ्या हातात ठेवली. "माझ्या जागी तू उभी राहा. दादाला मी सांगितलंय, तो काकूला सांगणार आहे." आणि गेली. दादाने काही सांगितलं नाही. मुंडावळ्या बांधलेल्या माणसाच्या अंगात तेवढी हिंमत कुठली. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा काकूला नवऱ्यामागे दिसले मी. पाच पिनांनी कशीबशी सावरलेली साडी आणि हातात कऱ्हा. "ही कोनाची गो पोर?" पुढच्या रांगेतून आवाज आला. काकूच्या चेहऱ्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

पंगती बसल्या होत्या तेव्हा ती धापा टाकत आली. पेपर चांगला गेल्याचं तोंडावर दिसत होतं. आल्या आल्या पदर खोचला, वरणाची बादली उचलली आणि वाढायला निघाली. काकूने तिच्या हातून बादली काढून घेतली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, "पाहुन्यांनी बसायचं असतं." ती बसली. मी शेजारीच होते. तिने पानातलं एक शीतही उचललं नाही.

ती पास झाली. मोरिवलीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. तिचे वडील तिचं ओळखपत्र येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, आणि स्थळाचं नाव काढत नाहीत. मेंदी आता तिच्या हातावर नसते. कामावर चालत नाही, असं ती सांगते. पण कुणी काढायला बोलावलंही नाही, हे मला माहीत आहे. भावकीतल्या लग्नांच्या पत्रिका तिच्या घरी येतात, बोलावणं येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या चुलतभावाच्या लग्नाला ती मला सोबत घेऊन गेली. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. जन्मात पहिल्यांदा मी तिला मांडवात इतका वेळ बसलेली पाहत होते, आणि मला ते पाहवत नव्हतं. शेवटी विचारलंच, "वाईट वाटतं का गं?"

"वाटतं," ती म्हणाली. "पण परत तो दिवस आला तरी मी पेपरलाच जाईन."

मंगलाष्टकं सुरू झाली. सगळे उठले. नवऱ्यामागे भावकीतली कुणी शाळकरी पोर उभी होती, कऱ्हा एका बाजूला कलता धरून. ही टाचा उंचावून तिच्याकडे बघत राहिली. नकळत तिचे दोन्ही हात छातीशी आले आणि तो कऱ्हा सरळ करावा तसे हवेतच किंचित हलले. "सावधान" झालं, ताशा वाजला, लोक जेवायला पळाले. तिच्या मुठीतल्या अक्षता टाकायच्या राहून गेल्या होत्या.