अब्बांची चप्पल आणि कुलूपबंद खोली

भुताखेताचं कुणी काढलं की मी सरळ "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलते. नगरला माझा शिवणक्लास आहे. बायका मशीनवर बसून एकेक किस्से सांगतात आणि मी म्हणते, "बाई गं, आधी ती काजं नीट कर." त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलेय याचं मला हसू येतंय... पण पुरतं येत नाही, हेही खरं.

माझं माहेर मिरजगाव. अब्बा फौजेत रणगाडा चालवायचे. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या रणगाड्यावर गोळा पडला. ड्रायव्हरची जागा पुढे, खाली, सगळ्यांपासून वेगळी, आणि डोक्यावर लोखंडी झाकण. धक्क्यानं तोफेची नळी फिरून नेमकी त्या झाकणावर येऊन थांबली. झाकण उघडेना. बाकीच्यांनी उड्या टाकल्या, त्यांना वाटलं अब्बाही निसटले. अब्बा आत, धूर, अंधार... ओरडून ओरडून घसा बसला. पण चिखलानं भिजलेला एक बूट त्यांनी नाडीनं बाहेर बांधून वाळत टाकला होता. तो एका साथीदाराला दिसला. "बूट बाहेर, म्हणजे ड्रायव्हर आत!" तो परत वर चढला, हातानं चाक फिरवून त्यानं तोफ बाजूला केली, तेव्हा कुठे अब्बा बाहेर आले.

फौजेतून घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? घरातल्या झाडून सगळ्या दारांच्या कड्या पकडीनं उपसून काढल्या. न्हाणीघराचीसुद्धा! मग नियम घातला — आत जाताना एक चप्पल उंबऱ्यावर आडवी ठेवायची. चप्पल बाहेर, म्हणजे माणूस आत. गाव हसायचं. लग्न होऊन नगरला गेल्यावर मी सवयीनं बाथरूमपुढे चप्पल आडवी टाकली, तर सासूबाई अडखळून पडता पडता वाचल्या. "हे कसलं गं खूळ माहेराहून आणलंस?" झालं, माझी सवय तिथंच सुटली.

अब्बा गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्या चपला आम्ही मशिदीबाहेर बसणाऱ्या एका म्हाताऱ्याला देऊन टाकल्या. त्यांच्या खोलीत माझ्या धाकट्या भावानं, रशीदनं, बियाण्याच्या पिशव्या भरल्या आणि बाहेरून कडी बसवून कुलूप घातलं. अब्बांच्या घरात लागलेली ती एकमेव कडी.

आता गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. रशीदचं हायवेला लागून धान्याचं गोडाऊन आहे. मी माहेरी आले होते, दुपारी त्याचा डबा घेऊन गेले. शटर अर्धं वर होतं, रशीद दिसेना. म्हटलं, येतोय तोवर नगरला न्यायला चांगली ज्वारी बघून ठेवावी. पायात पट्ट्याची सँडल, ती कोण काढत बसणार? तशीच आत गेले, पार मागच्या पोत्यांच्या थप्पीआड.

आणि खर्रकन शटर खाली आलं. मागोमाग कुलपाचा आवाज.

"रशीद! अरे मी आहे आत!" त्याची गाडी सुरू झाली, निघून गेली. मी शटर बडवलं, हात सोलून निघाले. बाहेर ट्रकमागून ट्रक चाललेले, ऐकणार कोण? मोबाईल घरी चार्जिंगला. मग लक्षात आलं की खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीनं बंद केल्यात. आणि वास आला... लसणासारखा, उग्र. धान्यातली कीड मारायच्या विषारी गोळ्या! त्या टाकल्या की आठवडाभर गोडाऊन उघडत नाहीत. शटरच्या खालच्या फटीला नाक लावून आडवी पडले. मुलं डोळ्यासमोर आली. आणि खरं सांगते, त्या वेळी पहिल्यांदा अब्बा मला कळले. आजवर त्यांची गोष्ट मी नुसती ऐकली होती.

किती वेळ गेला माहीत नाही. शटर वर गेलं ते रशीदच्या रडण्यासकट.

"आपा, म्या उंबऱ्यावर बघितलं गं! चप्पल न्हवती, म्हनून वढलं शटर!"

दुसरा कुणी असता तर त्यानं आत हाक मारली असती. आमच्या घरातला माणूस उंबरा बघतो, आणि उंबरा रिकामा होता. गोळ्या टाकून तो मागच्या नळावर हात धुवायला गेला होता, मी आलेली त्याला दिसलेच नाही.

"मग परत का आलास?" दवाखान्यात सलाईन लावलेली असताना मी विचारलं.

त्याची बायको शबाना म्हणाली, "आपा, अब्बांच्या खोलीपुढं चप्पल हुती. आडवी."

रशीद जेवायला घरी गेला, तर कुलूपबंद खोलीच्या उंबऱ्यावर एक चप्पल. टाचेला टायरचा तुकडा, अब्बांनी स्वतःच्या हातानं ठोकलेला. त्यानं कुलूप काढून आत बघितलं. नुसत्या पिशव्या. इथं आत कुणी नाही, मग कोंडलंय कोण? त्याला आत्ताच ओढलेलं शटर आठवलं. "आपा कुठंय?" शबाना म्हणाली, "तुमचाच डबा घिऊन गेल्यात की!" तसा तो गाडीकडे पळत सुटला.

घरी आलो तेव्हा उंबऱ्यावर काही नव्हतं. त्या म्हाताऱ्याला जाऊन विचारलं. म्हणाला, "लई दिवस वापरल्या, तुटल्या, टाकून दिल्या." रशीदला भास झाला म्हणावं, तर शबानानंही चप्पल बघितली होती, ओलांडून गेली होती.

पण एक गोष्ट मला झोपू देईना. आमच्या घरात चप्पल कधी खोटी बोलली नव्हती. चप्पल बाहेर, म्हणजे माणूस आत. आणि त्या माणसावर आम्ही इतकी वर्षं बाहेरून कुलूप घालून बसलो होतो. ज्यानं जन्मभर बंद दाराचा धसका घेतला, त्याच्यावर!

नगरला निघण्याआधी रशीदनं अब्बांचीच पकड आणली आणि ती कडी उपसून काढली. पिशव्या बाहेर गेल्या. मी दार सताड उघडलं, उंबऱ्याशी उभी राहिले आणि मला रडूच फुटलं.

"अब्बा," म्हटलं, "उघडं आहे बरं का आता."