फॉन्टच्या पोटातलं नाव

उदगीरच्या दयानंद डीटीपीवाल्याला कुणी विचारलं, "हा फॉन्ट बनवला कुणी हो?" की तो चष्मा कपाळावर सारून म्हणायचा, "आम्हीच." फॉन्टात दुसरा माणूस होता खरा, पण त्याचं नाव दयानंद घेत नसे. बोर्ड रंगवणाऱ्या सिद्रामप्पांकडून त्यानं बावीस वर्षांपूर्वी 'पोरीच्या शाळेला पाहिजे' असं सांगून क ते ज्ञ लिहून घेतलं, स्कॅन केलं, जरा जाड केलं आणि झाला फॉन्ट. सांगू सांगू म्हणता सांगायचं राहिलं. मग ती अक्षरं गावोगावच्या लग्नपत्रिकांवर गेली, आणि दयानंद स्वतःलाच कलाकार समजू लागला. सरळ रेघ मारायला त्याला पट्टी लागायची, हा भाग वेगळा.

मागच्या महिन्यात सिद्रामप्पाच दुकानात आले. हात थरथरतो म्हणून त्यांचा ब्रश सुटून पाच-सहा वर्षं झाली होती. सोबत नात आरती. ती दातांची डॉक्टर झाली होती आणि सोमवारी दवाखाना उघडणार होती.

"दया, बोर्ड तुज्या त्या पत्रिकेच्या अक्षरातच पायजे," अप्पा म्हणाले. "लई देखणं अक्षर हाय."

दयानंदला चहाचा ठसका लागला.

त्यानं फाइल लातूरच्या फ्लेक्सवाल्याकडे पाठवली, तर तिथं नुसती इंग्रजी चिन्हं उमटली. जुन्या फॉन्टात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या घरात भाडेकरू असतात, ती युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या, स्वतःच्या घरात हलवावी लागतात. त्यासाठी कमांड देऊन चालवायचं एक टूल असतं, हे आरतीनं मोबाइलवर शोधून दिलं. "आपल्याला काय अवघड!" असं म्हणून दयानंदनं कमांड लिहायची काळी खिडकी उघडली. माउस चालत नाही हे समजायलाच त्याला अर्धा तास लागला.

कोणतं अक्षर कुठल्या घरात, याची यादी त्यानं स्वतः केली आणि ऐटीत एंटर दाबलं. 'दातांचा दवाखाना' टाइप केलं. पडद्यावर आलं, 'धाथांछा धशागापा'. यादीत पहिलाच 'क' राहिला होता, त्यामुळं अख्खी वस्ती एकेक घर पुढं सरकली होती. तीस वर्षं मराठी टाइप करणारा माणूस 'क' विसरला. आरती तोंडाला रुमाल लावून हसली. दयानंदही हसला, दुसरं करणार काय?

शनिवारी यादी सुधारून तो पुन्हा बसला. या वेळी अप्पा खुर्ची ओढून शेजारीच बसले, आणि आरती मागं हसत उभी राहिली. आणि त्या टूलनं, काम सुरू करण्याआधी, फॉन्टच्या पोटातली सगळी माहिती पडद्यावर ओतली. फॉन्टचं नाव, साल, आणि बनवणाऱ्याचं नाव. ते रकाने दयानंदनंच कधीकाळी हौसेनं भरले होते.

अप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण जन्मभर बोर्ड रंगवलेल्या माणसाला अक्षरं काय सुटतात! ते वाकून एकेक लावू लागले.

"डी... ए... वाय..."

खिडकी बंद करायला एक बटण पुरलं असतं. दयानंदचं बोट त्या बटणावर गेलंही. अप्पा पुढच्या 'ए'वर आले आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"अप्पा, थांबा. ते माझं नाव हाय. पर अक्षरं तुमची हायेत. शाळेसाठी म्हणून घेतली होती ना, तीच. मी खोटं बोललो."

आरतीचं हसू मावळलं. अप्पा पडद्याकडे वळले.

"ही माझी?"

"हाव."

"अन् मी त्या पत्रिका बघून जळून राहिलो होतो रे," अप्पा म्हणाले. "हात थरथरायला लागला तवा घरी एक पत्रिका समोर ठेवून बसायचो. म्हणायचो, हे बघ, ह्याला म्हन्त्यात अक्षर. आपल्याला आता असं जमायचं न्हाई. अन् ब्रश ठेवून दिला."

दयानंदनं कीबोर्ड पुढं ओढला. नाव बदलायची कमांड एका ओळीची होती. तिच्यात त्यानं 'सिद्रामप्पा' लिहिलं आणि एंटर दाबलं. मग 'दातांचा दवाखाना' टाइप केलं. अक्षरं बरोबर उमटली.

अप्पांनी थरथरतं बोट पडद्यावर टेकवलं आणि 'द'च्या गाठीवरून हळूच फिरवलं.

"आरे," ते म्हणाले, "चांगलं येत होतं की मला."