चौकीत बसून लिहिलेला पंचनामा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझी चूक समोर उभी राहते. अपघाताचा पंचनामा मी जागेवर न करता चौकीत बसून लिहिला होता.

आंबिवलीकडे जाणाऱ्या दुपदरी रस्त्यावर भर दुपारी मोटारीने स्कूटरला धडक दिली. स्कूटरवरचा माणूस जागीच गेला. मी पोहोचेपर्यंत क्रेनने दोन्ही वाहने बाजूला केली होती, वाहतूक तुंबली होती, ऊन मी म्हणत होते. मोजमापाची टेप न लावताच मी परतलो. मोटारचालक म्हणाला, "स्कूटर उलट्या बाजूने आली." मी तेच लिहिले आणि चौकीसमोरचा टपरीवाला व त्याचे एक गिऱ्हाईक यांना पंच करून सह्या घेतल्या. असे आम्ही सर्रास करत असू. गुन्हा मयताविरुद्धच नोंदला गेला.

आठवड्याने त्याची बायको आली. "वकील बोलतो, भरपाईच्या दाव्यात तुमचा कागद आडवा येनार. ते एक वेळ राहू दे साहेब, पन गावात सगळे त्यालाच नावं ठेवतात. वीस वर्सं त्याच रस्त्यानं कामाला गेला माझा मानूस. अजून सहा वाजले की कान स्कूटरकडं लागतात."

"तपास चालू आहे, बाई."

"तुमी तिथं थांबलात किती वेळ?"

मी फाईल चाळत राहिलो.

पुढच्याच आठवड्यात क्रेनचालक दुसऱ्याच एका अपघातातले वाहन सोडायला चौकीत आला. जाता जाता म्हणाला, "साहेब, ती स्कूटर तर आपल्याच बाजूला, डाव्या कडेला पडलेली."

"तुला काय ठाऊक?"

"उचलायच्या आधी फोटो काढतो ना मी. नंतर मालक बोलतात, ओरखडा तूच पाडला. तुम्ही तेव्हा आलेलेच कुठे?"

फोटोत मोटारीची चाके मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या पार पलीकडे होती. मी मोटारचालकाला बोलावून फोटो समोर ठेवला. त्याने पाणी मागितले. दोन तास जुनेच सांगत राहिला, मग म्हणाला, "टेम्पोला ओव्हरटेक करत होतो. तुम्ही दुसरं काही विचारलंच नाही, म्हणून बोललो ते तसंच राहिलं."

त्याच्यावर दोषारोपपत्र गेले. ठाण्याच्या कोर्टात त्याच्या वकिलाने मला विचारले, "पंचनामा जागेवर केला होता?" मी "नाही" म्हणालो. माझी खातेनिहाय चौकशी झाली, पण त्या बाईचा भरपाईचा दावा टिकला.

आता ओळखीच्यांना सांगतो: वाहने हलवण्याआधी फोटो काढा, पाहणाऱ्यांचे नंबर घ्या, पंचनाम्याची प्रत मागा, वाचल्याशिवाय सही करू नका. पोलिसाने लिहिले म्हणजे ते त्याने पाहिलेच असेल, असे धरून चालू नका. मला मात्र मोजमापाला लागला असता तो अर्धा तास परत हवा असतो. टेप धरून त्या उन्हात उभे राहावे, एवढीच इच्छा होते.

निवृत्तीनंतर त्या बाईच्या घरी गेलो. ती ओट्यावर सुका जवळा निवडत होती. मी बोलायला लागलो, तसे तिने थांबवले. "मला नको. आत माझी सासू हाय, तिला सांगा. लोकांच्या बोलन्यापायी तिनं बाहेर जानंच सोडलंय."

आत खाटेवर म्हातारी बसली होती. मी जमिनीवर बसलो. म्हणालो, "आई, तुमचा मुलगा आपल्याच बाजूने चालला होता. मी न बघताच त्याला दोषी लिहिलं. मला माफ करा."