भोंगा

एका खोलीत पहिली ते चौथीची अठ्ठ्याहत्तर पोरं, एक फळा आणि एक बाई. सांगा बघू, यात केंद्रस्थानी कुणाला बसवाल?

बाईंना हेच प्रशिक्षणात विचारायचं होतं. तीन दिवस साहेब सांगत होते, शिक्षकाने बोलत राहणं जुनं झालं. मुलांना गोलात बसवा, त्यांचं त्यांना शिकू द्या. बाईंच्या वर्गातले बाक जमिनीला ठोकलेले. गोल करायचा तर आधी सुतारकाम शिकायला हवं, असं त्या शेजारणीच्या कानात पुटपुटल्या.

त्यांची रीत एकवीस वर्षं एकच. बाईंनी ओळ म्हणायची, वर्गाने मागून म्हणायची, छपराचे पत्रे थरथरेपर्यंत. सगळ्यांच्या वर आवाज चौथीतल्या एका पोरीचा. तिचं नावच भोंगा पडलेलं. बाईंचा घसा बसला की भोंगाच पुढे उभी राहून वर्ग हाकायची. पोरगी नाव काढणार, असं बाईंनी तिच्या आईला चारदा तरी सांगितलं असेल.

साहेब तपासणीला येणार म्हणून बाईंनी चौथीची पोरं व्हरांड्यात गोलात बसवली आणि एकेकाला वाचायला सांगितलं. होऊन जाऊ दे एकदाचं, म्हणून. पहिलं उठवलं भोंग्याला, हौसेने. तिने पाणी जपून वापरण्याचा धडा घडाघडा म्हटला, कुठे अडखळणं नाही. बाई कौतुकाने तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. उघड्या पानावर हत्ती होता.

बाईंनी हत्तीखालच्या शब्दावर बोट ठेवलं. भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"बाई, तुम्ही आधी म्हणा ना. मग मला येतं."

पहिलीपासून ती बाईंच्याच हाताखाली. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून बाई तिला शेजारी घेऊन अक्षरं गिरवून घेऊ लागल्या. तेवढ्यात बाकीच्या सत्त्याहत्तर जणांनी शाळा डोक्यावर घेतली. एकाला खोक पडली, पालक भांडायला आले. साहेबही येऊन गेले. त्यांच्या कागदावर रकाना होता, मुलं गोलात बसली का. त्यांनी होय लिहिलं. बाईंनी आणखी एक शिक्षिका मागितली, तेव्हा ते म्हणाले, "माणसं नाहीत बाई, पद्धत आहे."

आठव्या दिवशी बाईंनी पुन्हा ओळ म्हटली. वर्गाने मागून म्हटली. भोंगा सगळ्यांच्या वर. सात अक्षरं झाली होती तिची, आठवं राहिलं ते राहिलंच.

वर्ष संपलं. पाचवीची शाळा लांब होती. आई विचारायला आली, पाठवू का, की घरकामाला लावू? बाईंनी पाठवा म्हटलं खरं, पण तिच्या तोंडाकडे बघवलं नाही. प्रगतिपुस्तकावर त्यांनी 'वाचन उत्तम' लिहिलं. महिनाभरातच भोंगा पाचवीच्या वर्गातून घरी आली आणि परत गेली नाही.

तुमच्या घराजवळच्या शाळेतून असा सूर कानावर आला तर किती गोड म्हणून पुढे जाऊ नका. बाईंना विचारून आत जा, एका पोरीशेजारी बसा, एका शब्दावर बोट ठेवा. आणि ती गप्प राहिली तर उठू नका.